रायजीचं सुतक

मंडळी, एक गोष्ट आधीच छातीठोक सांगतो. चौकपासून कर्जतपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना फ्लेक्सवर जे जे कोणी हसताना दिसतं, ते मी हसवलेलं असतं! वाढदिवस, निवड, पुण्यतिथी, बैलगाडा शर्यत, सगळं आपल्याकडे. जगदीश आर्ट्स, जुना हायवे, टायरवाल्याच्या शेजारी. इतक्या वर्षांत आपला एक फ्लेक्स परत आलेला नाही. त्याचं कारण माझी कला. गिऱ्हाईक ज्या तोंडाचा फोटो आणतं, ते तोंड मी फ्लेक्सवर येऊच देत नाही! रंग उजळ, नाक सरळ, हनुवटी टोकदार, डोळे दीडपट. केस नसतील तर केस. मागे एक बाई स्वतःच्या नवऱ्याचा फ्लेक्स बघून मला म्हणाली, "भावजी, हे कोण?" मी सांगितलं. तिनं पुन्हा एकदा वर बघितलं आणि म्हणाली, "असू द्या असंच!"

हे ध्यानात ठेवा. पुढे ह्याच कलेनं माझं नरडं धरलं.

तर, माझी धाकटी बहीण तेजश्री, तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा रूपेश, भिवपुरीच्या पॉवर हाऊसला नोकरीला. त्याचे वडील येसाजीराव तिथूनच रिटायर झालेले, आणि रिवाजाला असले पक्के की साखरपुड्यात अक्षतांना हळद कमी लागली म्हणून त्यांनी भटजींना ताटकळत उभं केलं होतं. लग्न येत्या रविवारी, खालापूरच्या हॉलवर. हा मुहूर्त चुकला की अधिक महिना, मग पाऊस, मग चातुर्मास. म्हणजे थेट तुळशीच्या लग्नानंतर! तेजूला ते चालणार नव्हतं. रूपेशला तर अजिबातच नाही.

आता ह्यात कार्टून कुठून आलं? तर ते रूपेशनंच तेजूला सांगितलं होतं, "हे बघ, लय भारी आहे." जपानी कार्टून. त्याला अ‍ॅनिमे म्हणायचं, कार्टून म्हटलं की तेजू चिडते. हिंदीत डब केलेलं. त्यात रायजी नावाचा एक पोरगा. लहानपणी पळवून नेलेला, मारेकरी बनवलेला. हुकूम आला की माणूस मारायचा. पण मनात नाही हो! दरवेळी मारताना डोळे लाल होणार, केस उडणार आणि काम झालं की एक बट पांढरी होणार. मग नदीवर हात धूत बसायचं आणि रडायचं.

तेजू बघायला लागली. तिच्यामागे आई. आईमागे माझी बायको नंदा. "घरातली कर्ती बाई कार्टून बघते!" असं म्हणत मी टीव्हीसमोरून एकदा गेलो, आणि परत आलोच नाही.

पण बघणं म्हणजे काय नुसतं बघणं? नंदाचा सगळा जीव त्याच्या रक्ताच्या कपड्यांत. "एवढे डाग! ह्याचे कपडे धुतं कोण?" आमची आई, बायजा, तिला हिंदी निम्मंच कळतं, पण रायजी (तिच्या तोंडी रायाजी) पूर्ण कळला. पहिल्यांदा त्याचे डोळे लाल झाले तेव्हा आईनं हात जोडले.

"अंगात आलं रं पोराच्या!"

उठली, देव्हाऱ्यातला अंगारा आणला आणि टीव्हीच्या काचेवर त्याच्या कपाळाच्या जागी लावला. सीन पुढे गेला, अंगारा तिथंच. त्यानंतर बातम्या देणाऱ्या बाईपासून साबणाच्या जाहिरातीपर्यंत सगळ्यांच्या कपाळाला आमच्या ग्रामदेवीचा अंगारा!

"लगीन लावून द्या त्याचं," आई रोज म्हणायची. "बायको आली की सुधारतं मानूस."

"आई, तो मारेकरी आहे."

"तुजा बाप काय कमी व्हता? झाला का नाय सरळ?"

आणि रायजी खरंच सुधारला! मालकाला सांगून टाकलं, आता मारणार नाही. दूर गावात सुपाची गाडी टाकली. पांढरे केस परत काळे व्हायला लागले. आई इतकी खूश, की तिनं शेजारी साखर वाटली. आणि शेवटच्या भागात काय व्हावं? एका लहान मुलीला वाचवताना मागून तलवारीचा वार. बर्फात पडला. संपलं!

आई जेवली नाही. सकाळी चहाही घेतला नाही. पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "आई नाय, बाप नाय, भावकी नाय. एवढं मोठं मरन आलं नि नाव घ्यायला कोन नाय. जगदीश, तू गावाचे फोटो लावतोस. एक त्याचा लाव. आपलं नाव लावून लाव."

आता आईला नाही कसं म्हणणार? शिवाय खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरले होते. आणि धंद्याचंही डोक्यात होतं, म्हटलं ही नवी पोरं बघतील, चार ऑर्डरी येतील. दुकानात गेलो आणि फ्लेक्स केला. रायजीचा फोटो, भोवती झेंडूचा हार, खाली समई.

"भावपूर्ण श्रद्धांजली. कै. रायजी कोळंबे. एवढ्या लवकर जायला नको होतंस! शोकाकुल : समस्त कोळंबे परिवार, चौक."

शाई वाळायला दुकानाबाहेरच्या बांबूला फ्लेक्स अडकवला, शटर ओढलं आणि नंदाला घेऊन कर्जतला मुंडावळ्या आणायला गेलो.

दुपारी परत येतो तर दुकानासमोर गर्दी! समोरच्या जैतू चहावाल्यानं खुर्च्या मांडलेल्या. माणसं माना खाली घालून बसलेली. पुढे पोशाकाका, ठाकूरवाडीला रेल्वेत गँगमन होते ते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली.

"वाईट झालं, जगदीश."

मला एकदम भरून आलं. म्हटलं, ही म्हातारी माणसंसुद्धा बघतात! आपणच उगीच लाजत होतो.

"काय सांगू काका! आई तर कालपासून जेवली नाही."

"वय काय रं?"

"असेल चोवीस-पंचवीस."

"लगीन?"

"राहिलं. आई तेच म्हणत होती."

"गेला कशानं?"

"तलवारीनं. मागून वार केला हो!"

चहाचे ग्लास तोंडाशी थांबले.

"आरं देवा! कुठं, मुंबईला?"

"छे, जपानला."

"जपानला व्हता?" काकांच्या आवाजातलं दुःख जरा कमी झालं आणि आदर वाढला. "पगार बरा असंल."

"पगार कसला काका! माणसं मारायचं काम. कितीतरी मारली असतील. पण एकही मनापासून नाही. मनानं लय चांगला."

"नि वरचे लोक? त्यांना म्हाईत नव्हतं?"

"वरच्या मोठ्या लोकांचीच तर कामं होती!"

"हितं पन तसंच," काका म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

"शेवटी सोडलं त्यानं सगळं," मी डोळे पुसले. "सुपाची गाडी टाकली होती."

"कसलं सूप? कितीला ग्लास?" जैतूनं विचारलं.

मंडळी, तुम्ही म्हणाल, इतकी माणसं बसली, एकानंही विचारलं नाही का, की हा रायजी कोणाचा कोण? नाही विचारलं! आमच्याकडे दुःखाला बसलेला माणूस असलं विचारत नाही. विचारलं तर "ह्याला एवढंपण म्हाईत नाय" अशी शोभा होते. म्हणून प्रत्येक जण शेजारच्याचं तोंड बघतो आणि आपलं त्याहून जरा जास्त पाडतो. आणि फोटोचं म्हणाल तर उजळ रंग, टोकदार हनुवटी, दीडपट डोळे. माझ्या फ्लेक्सवरचा कुठला माणूस याहून वेगळा दिसतो?

तेवढ्यात पांढरी गाडी थांबली. साईराजशेठ! जागाजमिनीचा धंदा, गळ्यात साखळी, आणि प्रत्येक फ्लेक्सवर नावाआधी "भावी".

"जगदीश, रायजी गेला नि मला कळवलं नाय?"

"शेठ, तुम्हीपण बघायचात त्याला?"

"बघायचो म्हंजे? लहानपणापासून बघत आलोय!"

"मग शेवट बघितलात का?"

शेठनी गॉगल काढला. "शेवटी भेट नाय झाली रं. तीच खंत हाय." गॉगल परत लावला. "धा-बारा फ्लेक्स टाक. माझा फोटो वर, मोठा. त्याचा खाली चालंल. खालापूर नाक्यापासून कर्जत चारफाट्यापर्यंत लावून टाक आजच्या आज."

आता मला सांगा, असला चाहता बघून कुठल्या कलाकाराचं डोकं ठिकाणावर राहील? मी भराभर छापले. शेठची माणसं घेऊनही गेली. संध्याकाळी मी जैतूकडे स्पेशल चहा मारला आणि मनात म्हटलं, चौक गाव बदललं, बाबा!

चहा संपतोय तोच तेजूचा फोन.

"दादा, तू काय करून ठेवलंस? घरी ये! सासरची माणसं आलीत टेंपो भरून!"

"अगं मग सरबत कर."

"सरबत? दुखवटा घेऊन आलीत रे! टॉवेल-टोपी घेऊन! बाया दारातूनच रडत आल्या!"

त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. पोशाकाका, जैतू, शेठ, कोळंबे परिवार, जपान, तलवार, सगळं एकदम! गाडीला किक मारली ती तिसऱ्या खेपेला लागली.

घरी पोचलो तर अंगणात रूपेशची आई, गौराबाई, माझ्या आईच्या गळ्यात पडलेली.

"कसा गं गेला तुमचा रायजी!"

मला वाटलं, निदान आई तरी सांगेल. पण आई तर खरीच रडत होती!

"माझा रायाजी गेला गं बाय! कुनाला नको व्हता, पन मनानं लोनी व्हता! आत्ता कुठं कष्टाचं खायाला लागलेला!"

ते ऐकून टेंपोतल्या उरलेल्या बायांनीही सूर लावला. मी मधे घुसलो.

"अहो थांबा! कोणी मेलेलं नाही! तो कार्टून आहे!"

रडणं बंद. येसाजीराव सावकाश उठले.

"जगदीशराव, गेलेल्या मानसाला कार्टून म्हनता? तुमच्या भावकीतला नाय का तो?"

"तसं नाही मामा, म्हणजे खरंच चित्र..."

"आनि मी जे ऐकलं ते? चारफाट्याला फ्लेक्स बघून निघालो, वाटेत चहा घेतला आमी. मारेकरी व्हता म्हनं! सुतकाचं एक येळ समजू शकतो, मरन कुनाच्या हातात नाय. पन खुनी घराण्यातली सून आनायची म्हंजे..." त्यांनी तेजूकडे बघितलं आणि पुढचं गिळलं.

तेजू दाराआड उभी होती. मी जवळ गेलो तशी दात खाऊन हळूच म्हणाली, "दादा, माझं लग्न मोडलं ना, तर मीपण मारेकरी होईन. आणि मी मनापासून मारीन!"

आता एकच उपाय होता. मी सगळ्यांना आत बसवलं, टीव्ही लावला आणि शेवटचा भाग सुरू केला. "बघा, डोळ्यांनी बघा!"

येसाजीराव पुढच्या खुर्चीत, हातात दुखवट्याचा टॉवेल. सुरुवातीला तोंड वाकडं करून बघत होते. कपाळाचा अंगारा दिसला तसे जरा सावरून बसले. मग मालकानं रायजीला धमकी दिली.

"हा कोन? मालक? नि ह्या पोरांची युनियन नाय?" येसाजीराव आयुष्यभर युनियनवाले. "नोटीस न देता असा जिवावर उठतो? आमच्यात असता तर गेटला टाळं ठोकलं असतं!"

"पोराच्या अंगावर स्वेटर नाय बघा," गौराबाई म्हणाल्या. "एवढ्या बर्फात!"

"आवं, ती पोरगी कशाला रस्त्यात येते? कुनाची हाय ती? हात धरा तिचा!" मागून एक बाई ओरडली.

"रायजी, मागं बघ! मागं बघ रं!" येसाजीराव उभे राहिले. वार झाला. रायजी पडला. बर्फ लाल झालं. येसाजीरावांनी आणलेला दुखवट्याचा टॉवेल उलगडला आणि स्वतःचेच डोळे पुसले.

मी टाळी वाजवली. "पटलं ना? चित्र आहे! कोणी मेलं नाही!"

"आत्ता डोळ्यांदेखत गेला, नि म्हनतोस मेला नाय?"

"मामा, तो खरा नाही!"

"नसू दे खरा." येसाजीरावांचा आवाज आता रिवाजाचा झाला. "नाव कुनी लावलं त्याला? 'कै. रायजी कोळंबे' तूच लिवलंस ना? आईच्या शब्दावर? चार मानसांत लावलंस ना? मंग तो दत्तक झाला. दत्तकाचं सुतक लागतं का नाय, तूच सांग."

भल्याभल्या वकिलाची बोबडी वळली असती!

"रविवारचं रद्द. तुळशीचं लगीन झाल्यावर बघू," येसाजीराव म्हणाले आणि टोपी घातली.

आई जागेवरून उठलीच नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "म्हंजे... माझ्या हातानं माझ्या लेकीचं लगीन मोडलं?" तिनं विचारलं, ते कोणाला हे कळेना. तेजूनं तिचा हात धरला. तेजूच्याही डोळ्यांत पाणी, आणि हे पाणी कार्टूनचं नव्हतं. मला माझ्या त्या कलेची, त्या झेंडूच्या हाराची, सगळ्याचीच लाज वाटली.

एवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. रूपेश! तेजूनं त्याला आधीच फोन केला होता. हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून तो आत आला, काच वर केली आणि म्हणाला, "आप्पा, रायजी मेलेला नाय."

"तुला काय म्हाईत?"

"मी बघतो ते."

"काय बघतोस?"

"ते... अ‍ॅनिमे. कार्टून. लय दिवसांपासून." रूपेशनं आता हेल्मेट काढलं. "तुमाला ओव्हरटाइम सांगायचो ना, तेव्हा."

कर्ता-सवरता नोकरदार मुलगा, होणाऱ्या सासरी, बापासमोर, टेंपोभर नातेवाइकांसमोर असं बोलतोय! मनाविरुद्ध तलवार उचलणं सोपं असेल, हे नाही. तेजू त्याच्याकडे अशी बघत होती की मी नजर दुसरीकडे वळवली.

"म्हंजे तुझ्या गाडीच्या टाकीवर जो फोटो हाय..." येसाजीरावांना आठवलं.

"रायजीचाच."

"आरं, ते कोन बाबा समजून मी रोज हात जोडतोय! दसऱ्याला हार घातला त्याला!"

"तेच सांगतो आप्पा, हे बघा." रूपेशनं मोबाइल पुढे धरला. सगळी डोकी त्या एवढ्याशा काचेवर गोळा झाली. पुढच्या सीझनची जाहिरात. बर्फ. शांतता. बर्फातून एक बोट हललं. मग हात. मग डोळे उघडले. लाल नाही, साधे काळे!

"जिता हाय!" आई ओरडली. "माझा रायाजी जिता हाय!"

गौराबाईंनी आईला पुन्हा मिठी मारली, आणि बायांनी पुन्हा सूर लावला, पण आता हसण्याचा. आईनं तिथल्या तिथं नारळ फोडला. येसाजीरावांनी ती जाहिरात पुन्हा लावायला सांगितली, खात्री करून घेतली, मग घसा खाकरला.

"जित्या मानसाचं सुतक नसतं. रविवारचं पक्कं!" आणि तो ओला टॉवेल घडी घालून टोपीसकट माझ्या हातात ठेवला. "आनलंय तर ठेव. लग्नात आहेर म्हनून धरतो."

शेठकडे फ्लेक्स काढायला सांगायला गेलो तर ते म्हणाले, "काढायचं कशाला? खाली पट्टी मार. 'पुनरागमनाबद्दल हार्दिक अभिनंदन'. माझा फोटो हाय तसा राहू दे."

तर मंडळी, लग्न झालं. खालापूरच्या हॉलवर, वेळेवर, वाजतगाजत. आणि झाल्या गोष्टीची भरपाई म्हणून मी माझ्याकडून दाराशी भला मोठा फ्लेक्स लावला. "चि. रूपेश व चि. सौ. कां. तेजश्री, आपले सहर्ष स्वागत." जावयाचा फोटो म्हणजे घरचं काम, सगळी कला ओतली होती! रंग उजळला, नाक सरळ केलं, हनुवटीला टोक काढलं, डोळे दीडपट. थोडे केसही उडवले.

दाराशी पाहुण्यांना अत्तर लावायला मी आणि येसाजीराव उभे होतो. ठाकूरवाडीहून पोशाकाका आले. फ्लेक्ससमोर थबकले. वर बघितलं. हळूच टोपी काढली, दोन्ही हातांत धरली, डोळे मिटले आणि उसासा टाकून म्हणाले,

"वाईट झालं. मनानं लय चांगला व्हता."

येसाजीरावांनी फ्लेक्सकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी अत्तरदाणी त्यांच्या हातात दिली आणि पंगतीकडे निघालो. तिकडे वाढायला माणूस कमी होता.